रोपाचे आभार

“तुम्ही दोघं आज पहिल्यांदा भेटला असतात, तर पुन्हा लग्न केलं असतंत का?”

डेल्फाने प्रश्न टाकला आणि मागच्या सीटवर मांडी घालून, पुढच्या दोन सीटांच्या मधल्या फटीत हनुवटी खुपसून ती उत्तराची वाट बघत बसली. प्रश्न तिचा नव्हताच. शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये टॅन्सीने तिला डिवचलं होतं, “तुझे आईबाप म्हणजे लग्नाच्या केकवरची बाहुला-बाहुली. हिंमत असेल तर विचार. आणि चालत्या गाडीत विचार, म्हणजे पळून जाता येणार नाही.” ब्रीनने वर अट घातली होती, “उत्तर जसंच्या तसं सांगायचं. तुझा मसाला लावायचा नाही.” उत्तर आणलं नाही तर सोमवारी जेवणाच्या टेबलावर उभं राहून अख्खं शाळागीत म्हणायचं. डेल्फाला टेबलाची भीती नव्हती. या वर्षी तिला कशाचीच भीती वाटत नव्हती. वादविवादात तिने बारावीच्या मुलाला गप्प केलं होतं, गाडी शिकायचा परवाना तिच्या खिशात होता, आणि स्वतःचा आवाज अचानक इतका आवडायला लागला होता की रिकाम्या बाथरूममध्येसुद्धा ती भाषणं ठोकायची. शिवाय उत्तर तिला ठाऊकच होतं. डॅडी म्हणणार, “विचारतेस काय, जेवायच्या आत केलं असतं.” ममा म्हणणार, “मी आधी याच्या दुसऱ्या बायकांची चौकशी केली असती.” मग दोघं एकमेकांना टोमणे मारत सुटणार, आणि सोमवारी टॅन्सी-ब्रीन पोट धरून हसणार.

डॅडीने वायपर सुरू केले.

आकाश घासूनपुसून ठेवल्यासारखं निळं होतं. कोरड्या काचेवर रबर करकरत एकदा गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. “परागकण फार,” डॅडी म्हणाला आणि त्याने वायपर बंद केले. काच त्याने सकाळीच पुसली होती. ममा खिडकीबाहेर बोट दाखवत म्हणाली, “डेल, ते बघ, रेडबडचं झाड फुललंय.” घरून, नॉक्सव्हिलहून, निघाल्यापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रेडबडशिवाय दुसरं काही नव्हतंच. एवढंच झालं. पुढे वळण आलं, डॅडीने गिअर बदलला, ममाने नकाशा उलटा-सुलटा केला. पण डेल्फाची हनुवटी त्या फटीत तशीच राहिली. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं तिला वाटलं.

ही सहल तिची नव्हती, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. दर वर्षी एप्रिलमध्ये ममा आणि डॅडी जोडीने डोंगरात जायची, निळ्या रांगांच्या कडेकडेने, एका बागेतून दुसऱ्या बागेत, आणि डेल्फाला टॅन्सीच्या घरी टाकून जायची. परत यायची तेव्हा दोघांच्या अंगाला रानलसणाचा असा वास यायचा की टॅन्सीची आई दार अर्धंच उघडायची. गाडीत मागे एक रोप असायचं. ते त्याच संध्याकाळी घरामागच्या कुंपणाशी लावलं जायचं, कितीही दमलेले असले तरी. ममा खड्ड्यात गुडघे टेकून, केसांत माती, आणि डॅडी पाण्याचा पाइप धरून. “वेंडल, झाडाला पाणी घालतोयस की मला?” “रोएना, दोघांपैकी जास्त कोमेजलेलं कोण दिसतंय त्याला.” कुंपणाशी अशी एक रांग झाली होती. सगळ्यात जुनं केशरी अझेलिया डेल्फाच्या जन्माच्या वर्षीचं. वाढदिवसाला तिला त्याच्या शेजारी उभं करायचे, आणि ती टाचा उचलायची, पण दर वेळी झाडच जिंकायचं. आत्ता, या क्षणी ती सगळी रांग फुललेली होती; निघताना मागच्या काचेतून तिने बघितलं होतं, जणू कुणीतरी कुंपणाला आग लावून निघून गेलं होतं. त्या रांगेपुढे उभं राहून तिला नेहमी वाटायचं, की आपण सोडून घरात आणखी एक गोष्ट आहे, या दोघांची, आणि तिला दार आहे, आणि ते आपल्याला बंद आहे. म्हणूनच मार्चमध्ये एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता ममा म्हणाली, “डेल, या वर्षी तूही चल,” तेव्हा ती खुर्चीवरून उठून ओरडली होती. शाळेत जाऊन तिने भावच खाल्ला. आपल्याला आत घेतलंय. आपण मोठ्या झालो.

आता फटीत हनुवटी ठेवून ती कालपासूनचं सगळं पुन्हा बघायला लागली, आणि एकदा तसं बघायला लागल्यावर थांबता येईना. पेट्रोल पंपावर डॅडीने ममाला कॉफीचा कप दिला. ममा म्हणाली, “थँक्यू, वेंडल.” घरी ममा काय म्हणायची? “एवढी कडू? कुणाची दाढ बधिर करायचीय?” डॅडी दातांचा डॉक्टर होता, तोंडात हत्यारं असलेल्या माणसांशी तासन्‌तास गप्पा मारायची त्याला सवय होती, आणि समोरून उत्तर येत नाही याचं त्याला कधी काही वाटत नसे. ममा म्हणजे त्याला भेटलेलं एकमेव उत्तर देणारं तोंड, असं तोच म्हणायचा. पण कालपासून तो ममासाठी दार उघडून धरत होता. ममा त्याला विचारत होती, “तुला चालेल ना, खिडकी थोडी खाली केली तर?” चालेल ना! ज्या बाईने त्याच्या ताटातला कुरकुरीत बेकन आयुष्यभर न विचारता उचलला, ती खिडकीला परवानगी मागत होती. काल दुपारी त्या मोठ्या तिकिटाच्या बागेत, ट्यूलिपच्या लाल-पिवळ्या पट्ट्यांपुढे, डॅडीने एका अनोळखी म्हाताऱ्याला फोन देऊन तिघांचा फोटो काढायला लावला, आणि फोटो म्हटला की पाठ फिरवणारी ममा म्हणाली, “आणखी एक काढा ना, प्लीज.” तिचा हात डेल्फाच्या खांद्यावर होता. खांद्यावर हात ठेवतात तसा नाही, बसमध्ये दांडा धरतात तसा. तेव्हा डेल्फाला वाटलं होतं, किती गोड. मोठी माणसं वसंतात अशी गोड होत असतील.

ओशीमावशीकडे पोचेपर्यंत ती गप्प होती, म्हणजे तिच्या हिशेबाने आजारीच. ओशीमावशी ममाच्या आईची बहीण, पण त्या खोऱ्यातल्या पोस्टमनपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणायचे. ममा याच खोऱ्यात वाढलेली. सहलीचा शेवट नेहमी इथेच व्हायचा; रोप इथलंच असायचं. डेल्फा मावशीला नाताळात, शहरात भेटली होती. इथे, तिच्या ओसरीवर, लोखंडी तव्यात बटाट्याबरोबर रानलसूण परतताना नव्हे. इथे मावशी जास्त उंच वाटत होती.

“रोएना, या पोरीला खायला घालता की नुसती लांब करता?” मावशीने डेल्फाचं मनगट दोन बोटांत धरून बघितलं. “आणि डॉक्टर, तुम्हाला आत्ताच सांगते, माझे जे उरलेत ते माझ्याबरोबर जाणार आहेत. हात लावायचा नाही.”

“मी सुट्टीवर आहे, मावशी.”

“दात सुट्टीवर जात नाहीत. बसा. मक्याची भाकरी गार होतेय.”

डेल्फाने लसूण खाल्ला, पुन्हा घेतला, डोळ्यांत पाणी आलं तरी खाल्ला. समोर ममा बटाटा काट्याने इकडून तिकडे करत होती. मावशी बोलता बोलता त्या काट्याकडे बघत होती.

जेवण झाल्यावर सगळे कोठारामागे गेले. तिथे भिंतीच्या कडेला कॉफीचे रिकामे डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकात एक रोप. मावशी अझेलियाची खालची फांदी मातीकडे वाकवायची, वर दगड ठेवायची आणि विसरून जायची. विसरून जाणं महत्त्वाचं, ती म्हणायची. रोज उकरून बघितलं की मुळं लाजतात. मुळं फुटली की फांदी कापून डब्यात. एक डबा तिने उचलला, पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला एक-एक हात पुसले, आणि ममापुढे धरला. केशरी कळ्या अजून मिटलेल्या, चिमणीच्या चोचीएवढ्या.

आता पुढे काय होणार हे डेल्फाला पाठ होतं, बघितलं नसलं तरी. डॅडीने घरी हजारदा नक्कल करून दाखवली होती. ममा नाक मुरडणार, “हे काय काटकुळं दिलंस? याच्यापेक्षा माझा झाडू बरा.” डॅडी म्हणणार, “मावशी, हे रोप आहे की दातकोरणं?” मावशी शिव्या घालणार, आणि रोप गाडीत जाणार. कारण काहीही बोला, रोप देणाऱ्याचे आभार मानायचे नाहीत. आभार मानलेलं रोप धरत नाही. हे या डोंगरातल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. डेल्फा पाचेक वर्षांची असताना शेजारच्या आजोबांनी तिला टोमॅटोचं रोप दिलं होतं, आणि गुणी मुलीसारखं ती “थँ—” म्हणते न म्हणते तोच ममाचा तळहात येऊन तिच्या तोंडावर बसला होता. माती आणि साबणाचा वास असलेला तळहात. ते अर्धं ‘थँ’ सुटलंच होतं, आणि टोमॅटो मेला. डेल्फा रात्री उठून रडायची, की मीच मारलं. शहरात शिकवणारी, मुलांना विज्ञान समजावून सांगणारी ममा तिला थोपटत म्हणायची, “अर्धाच शब्द होता गं. पुढच्या वेळी तोही नाही.”

ममाने डबा दोन्ही हातांत घेतला. आत बघितलं. खूप वेळ, जणू मातीत काही पडलंय. मग ती म्हणाली, “थँक्यू, मावशी.”

कोंबड्या तेवढ्या कुरकुरत राहिल्या. मावशीचे हात डबा दिल्यावर जिथे होते तिथेच, हवेत, गोल. डेल्फाने डॅडीकडे बघितलं. तो हसेल, “रोएना, शहराचं पाणी लागलं तुला,” असं काहीतरी म्हणेल. डॅडी आपल्या बुटांकडे बघत होता. सपाटीवर जन्मलेला माणूस तो, पण इतक्या वर्षांत त्यालाही ते कळलं होतं, आणि तो दचकला नव्हता. हे तिला नंतर आठवत राहिलं, शब्दापेक्षा जास्त: तो दचकला नाही.

“असं,” मावशी म्हणाली. एवढंच. मग हात खाली आले.

निघाल्यावर डबा डेल्फाच्या दोन पावलांच्या मधे होता. वळणांवर तो हलायचा आणि ती घोट्यांनी त्याला धरायची. तोंडातून निसटलं असेल. दमली असेल. पण स्वतःच्या घरात अंधारातही आपण दाराला आपटत नाही. जे अंगात असतं ते निसटत नाही. ममाने चुकून म्हटलं नव्हतं. मावशीपुढे तिला सगळं खोटं निभावता आलं, लसूण, बटाटा, हसणं, पण रोपाच्या बाबतीत नाही. जे रोप आपण लावणार नाही, ते जगेल अशा आशेवर मावशीला ठेवणं तिच्याच्याने झालं नाही. आणि डेल्फाला आठवलं, कॉफीला थँक्यू, दाराला थँक्यू, खिडकीला थँक्यू, दोन दिवस हे दोघं एकमेकांवर तो शब्द शिंपडत होते, न थांबता, डोळ्यांदेखत, आणि आपण मागे बसून म्हणत होतो, किती गोड.

“डॅडी, गाडी थांबव.”

“पुढे डोंगर बघायची जागा आहे, तिथे—”

“तिथे थांबव.”

दरीच्या कडेला दगडी कठडा होता. खाली रांगेमागून रांग, जवळची हिरवी, मग निळी, मग नुसता निळ्याचा संशय. एक कुटुंब सॅन्डविच खात होतं. डेल्फा डबा घेऊन उतरली आणि कठड्यावर ठेवला.

“हे कुठे लावायचंय?”

दोघं एकमेकांकडे बघू लागले. तिला वाटलं, इतक्या वर्षांत ही दोघं एकमेकांना इतकी पटकन कधी समजली नसतील.

“डेल,” डॅडी म्हणाला, “या वर्षी घरी जायच्या आधी आणखी एक बाग ठेवलीय, उद्या तिथे बसून आपण—”

“बागेत सांगणार होतात? तिकीट काढून? बाकावर बसवून, हातात आइस्क्रीम देऊन?”

डॅडी पुन्हा आपल्या बुटांकडे बघायला लागला. म्हणजे आइस्क्रीमसुद्धा खरंच होतं.

मग ममाने सांगितलं, कारण नेहमी तीच सांगायची. डोंगरापलीकडे ॲशव्हिलच्या शाळेत तिला नोकरी मिळालीय, ऑगस्टपासून. डॅडी दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत राहणार. भांडण नाही, कुणी तिसरं नाही, खरंच नाही. संपलंय, बस्स, आणि कधी ते दोघांनाही सांगता येत नाही. घर विकायचंय. सोमवारी दलाल येऊन अंगणात पाटी लावणार आहे. “आम्हाला वाटलं, त्याआधी तुझ्याजवळ एक चांगली आठवण असावी.”

“तुला कुणाकडे राहायचंय ते पूर्णपणे तू ठरवायचंस,” डॅडी घाईने म्हणाला. “आम्ही जबरदस्ती करणार नाही.”

“वा. म्हणजे तुम्ही मला न विचारता ठरवलंत, आणि आता उरलेलं तोडायचं मी.” तिचा वादविवादाचा आवाज लागला होता, स्वच्छ, खणखणीत, सॅन्डविचवाली बाई बघायला लागली. पण आतून तो आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. घर जाणार याचं दुःख अजून यायचं होतं, ते कुठेतरी मागच्या वळणावर होतं. आत्ता जळत होतं ते एवढंच, की आपण टोस्ट टाकून खुर्चीवरून उठून ओरडलो होतो, आणि हे दोघं ते बघून हसले होते. आपल्याला दाराच्या आत घेतलं, ते खोली रिकामी करायच्या दिवशी. “आणि फोटो? त्या म्हाताऱ्याकडून काढलेला? तो माझ्या खोलीत लावायचा होता का? कुठल्या खोलीत?”

“डेल्फा, सकाळी तू विचारलंस ना,” ममा हळू म्हणाली. वाऱ्याने तिचे केस तोंडात जात होते आणि ती काढत नव्हती. “केलं असतं लग्न. आज भेटलो असतो तरी. आणि तरी इथेच आलो असतो.”

हे उत्तर जसंच्या तसं टॅन्सीला सांगता येणार नव्हतं. ते सांगायला लागलो तर मधेच आवाज जाईल हे डेल्फाला कळलं, आणि ती त्या दोघांवर त्यासाठीही चिडली. सोमवारी टेबलावर चढून गाणं म्हणावं लागणार. म्हणू. मोठ्याने म्हणू.

“माझं जॅकेट राहिलंय मावशीकडे,” ती म्हणाली. “मागे फिरवा.”

जॅकेट खरंच राहिलं होतं, ओसरीच्या खुंटीवर. परतीच्या रस्त्यावर गाडीत कुणी कुणाला थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. ती दोघं गाडीतच बसली, आणि डेल्फा एकटी वर गेली. मावशी कोठारामागे डब्यांना पाणी घालत होती. तिने मान वर केली नाही.

“कळलं वाटतं.”

“तुला माहीत होतं?”

“तुझ्या आईला डबा देईपर्यंत नव्हतं.” मावशीने झारी खाली ठेवली. “घर विकतायत?”

“हो.” मग डेल्फाने तेच विचारलं जे वाटेभर तिच्या डोक्यात पेटलेलं होतं. “मावशी, झाड फुललेलं असताना उपटून दुसरीकडे लावलं तर?”

“वेड लागलंय? मरेल. पानं गळू द्यायची. झाड झोपलं की हलवायचं, मग त्याला कळतसुद्धा नाही.” मावशीने ओळीतला कोपऱ्यातला डबा पायाने किंचित पुढे सरकवला, त्यातलं रोप सगळ्यात दाट होतं. मग ती मोठ्याने, समोरच्या डोंगराला ऐकू जाईल अशी म्हणाली, “मला हल्ली धड दिसत नाही बाई. कोंबड्या तरी मोजून बघते.” आणि पाठ करून उभी राहिली. तिच्या पुढ्यात एकही कोंबडी नव्हती.

मागून घेतलेलं रोप कधीकधी मरतं. न मागता, चोरून नेलेलं हमखास जगतं. हेही इथे कुणाला शिकवावं लागत नाही. डेल्फाने डबा उचलला, जॅकेटमध्ये गुंडाळला आणि निघाली. त्या वाकलेल्या पाठीकडे बघताना तिच्या घशात तो शब्द असा वर आला की तिने जीभ दातांखाली धरली. काहीतरी न बोलणं इतकं अवघड असतं हे तिला, जिने आयुष्यभर काही न बोलता ठेवलं नव्हतं, पहिल्यांदा कळलं. ती उतार धावतच उतरली.

“चावी, डॅडी.”

“डेल, या रस्त्यावर वळणं—”

“परवाना आहे माझ्याकडे. शेजारी तू आहेस. ममा, तू मागे.”

दोघंही हलली. ममाने आभार मानलेला डबा मांडीवर घेतला. डेल्फाने सीट पुढे ओढली, आरसा वळवला. त्यात ममाचं अर्धं तोंड आलं आणि मिटलेल्या कळ्या. मग जॅकेट उलगडून तिने दुसरा डबा डॅडीच्या मांडीत ठेवला.

“हे काय?”

“चोरलंय.”

मागे ममाच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की दुसरा कसला, ते बघायला डेल्फाने आरशात बघितलं नाही. तिने गाडी सुरू केली. आवाज आता तिचाच होता.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “सोमवारी अंगणात पाटी लागणार नाही. पानं गळेपर्यंत लागणार नाही. कुंपणाशी सगळी झाडं आत्ता फुललेली आहेत, त्यांना कुणी हलवायचं नाही, आणि तोवर मीही हलणार नाही. मी घरातच राहणार. तुम्हाला जायचंय ना, तुम्ही जा-ये करा, आळीपाळीने या, आळीपाळीने स्वयंपाक करा, कुणाचा कुठला आठवडा ते मी सांगेन. पानं गळली की एकेक झाड मुळासकट काढून मी मावशीकडे आणून लावणार आहे, मग विका घर. आणि उद्याची बाग रद्द, आपण सरळ घरी जातोय; हे चोरीचं आज संध्याकाळीच कुंपणाशी लागणार. खड्डा ममा खणेल, पाणी डॅडी घालेल, आणि तुमच्यापैकी कुणीही, एकदाही, कुणाला थँक्यू म्हणायचं नाही.”